खैरकोंडची शाळा आणि आसियाबींचा कॅमेरा

रत्नागिरीत बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, काथ्याच्या वखारीला लागून एक लहानसा फोटो स्टुडिओ आहे. पाटीवर 'होडेकर फोटो आर्ट' असे लिहिलेले आहे. पाटी अयूब होडेकरांनी स्वतः रंगवली. आतले फोटो मात्र गेली कित्येक वर्षे त्यांच्या पत्नी आसियाबी काढतात. मी मांडवीला राहतो. कचेरीत जाताना आणि येताना रोज या दुकानावरून जातो, आणि येताना बहुधा पाच मिनिटे टेकतो.

माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे आणि नोकरी जिल्ह्यातल्या शाळांच्या हिशेबाची. लवकरच मी निवृत्त होईन. नोकरीत मोठ्या पदांवरची माणसे पुष्कळ पाहिली. त्यांच्याविषयी लिहिणारे लिहितील. आसियाबींविषयी कोणी लिहील असे मला वाटत नाही, म्हणून मी लिहितो. त्यांनी केलेल्या एका कामाच्या वेळी मी स्वतः हजर होतो, आणि त्या कामाचा मला इतका अभिमान वाटतो की ते मीच केले असावे असे पाहुण्यांना वाटते. तसे काही नाही. मी फक्त त्यांच्या कॅमेऱ्याची तिपाई उचलली होती.

अयूबभाई तरुणपणी मोंबासाला एका गुजराती माणसाच्या स्टुडिओत कामाला होते. परत येताना त्यांनी सागवानी लाकडाचा, भात्याचा मोठा कॅमेरा आणला. लग्न खैरकोंडच्या आसियाशी झाले. त्या काळात आपल्याकडच्या मुसलमान मोहल्ल्यांतल्या कितीतरी बायका नवऱ्यांकडे आफ्रिकेला जायच्या. पासपोर्टला फोटो लागायचा, आणि परक्या पुरुषासमोर तोंड उघडे करून बसायला बाई तयार नसायची. तेव्हा अयूबभाईंनी बायकोला कॅमेरा शिकवला. पडद्याच्या आत आसियाबी फोटो काढायच्या आणि बाहेरून अयूबभाई विचारायचे, "झाकण लावलंस का गो?" पुढे अयूबभाईंच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. पडदा निघाला, आणि पुरुषांचे फोटोही आसियाबीच काढू लागल्या.

सुरुवातीला लोकांना ते जड गेले. बाईने 'हनुवटी वर करा' म्हणायचे आणि पुरुषाने करायची, हे काहींना सहन होईना. एक फौजदार तर मान ताठ ठेवून बसला आणि म्हणाला, "मी असाच बसतो." आसियाबी म्हणाल्या, "बसा ना. हनुवटीखाली दुसरी हनुवटी दिसेल, ती सरकारनं दिली म्हणून सांगा." फौजदाराने मान वर केली.

माझ्या मुलीच्या लग्नाच्या वेळी स्थळांना पाठवायला फोटो हवा होता. मी म्हणालो, "जरा गोरी काढा."

"काढते की भाऊ. मग लग्नाच्या दिवशी नवऱ्या मुलानं विचारलं, फोटोतली कुठाय, तर काय सांगाल?"

 फोटो इतका चांगला आला की मुलीच्या सासूबाईंनी तो अजून कपाटात ठेवला आहे. आसियाबींचे म्हणणे असे, की रंग अल्लाने दिला, नजर आणि मान कशी धरायची ते आपल्या हातात असते. आपण काढलेल्या एकाही फोटोत माणूस केविलवाणा दिसलेला नाही, हे त्या छाती पुढे काढून सांगतात.

त्यांची काम करण्याची एक रीत सांगायला हवी. त्यांच्या कॅमेऱ्याला बटण नाही. भिंगावरचे झाकण काढायचे, प्लेटला हवा तेवढा उजेड द्यायचा, झाकण लावायचे. वेळ मोजायला त्या घड्याळ बघत नाहीत, पाढा म्हणतात. उन्हात बेचा पाढाही पुरा होत नाही. पावसाळी दुपारी तेराचा. अंधार जास्त असेल तर एकोणतिसाचा, कारण तो म्हणायला वेळ लागतो. हे पाढे त्या खैरकोंडच्या शाळेत शिकल्या, चौथीपर्यंत.

आता त्या शाळेकडे येतो.

खैरकोंड खाडीने आत गेल्यावर लागते. धक्क्याला लागून मोहल्ला, वर डोंगराच्या उतारावर कुणब्यांची वाडी. दोन्हीकडचे बरेचसे पुरुष मुंबईला किंवा बोटीवर. शाळा दोघांच्या मध्ये, उघड्या कातळावर. चिऱ्याच्या भिंती, वर कौले, पुढे मोठा वर्ग आणि मागे एक खोली. एका वादळात मोठ्या वर्गाचे छप्पर उडून खाडीच्या बाजूला पडले. मास्तरांची बदली झाली. मुलगे होडीने पलीकडच्या काठावरच्या शाळेत जाऊ लागले. मुलींना पावसातून, होडीतून रोज कोण पाठवणार? त्या घरी बसल्या. अशी चार वर्षे गेली. आसियाबींच्या दोन भाच्याही त्यांतल्याच.

एकोणीसशे चौपन्न साली आमच्या शाळा-इमारत समितीपुढे दोन कागद एकदम आले. एक गावचा अर्ज, शाळा दुरुस्त करून द्या म्हणून. दुसरी एक सूचना, की इमारत आता पडीकच आहे, ती उतरवून चिरे पलीकडच्या शाळेच्या नव्या खोलीसाठी वापरावेत. सूचनेत वाईट हेतू काही नव्हता. मुले तिकडे जातातच, मग चिरे इकडे कशाला, एवढाच विचार होता. पण चिरे गेले की खैरकोंडच्या मुलींची शाळाही कायमची गेली, हे मला दिसत होते.

अध्यक्ष म्हणाले, "भरती-ओहोटी सांभाळून सगळे तिकडे कधी जाणार? आतून-बाहेरून फोटो मागवा. नुकसान खरोखर किती झालंय आणि भिंती धरण्यासारख्या आहेत का, एवढं कळलं की पुढच्या बैठकीत निकाल लावू." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही सोबत जा. फोटो त्याच शाळेचे आहेत हे सांगायला कोणी तरी हवं."

संध्याकाळी मी स्टुडिओत गेलो. अयूबभाई दारातल्या बाकावर बसले होते.

"कोण, भाऊ? चपला घासत येणारे तुम्हीच."

मी काम सांगितले. आतून आसियाबी हात पुसत आल्या.

"मी येते. पण आधीच सांगते, माझं माहेर हाय ते."

"तीच अडचण आहे," मी म्हणालो. "उद्या कोणी म्हणायचं, माहेरवाशिणीनं शाळा सजवून काढली."

"सजवून? तुमच्या लेकीला तरी सजवली होती का मी?"

अयूबभाई हसले. "भाऊ, हिच्याशी हिशेबानं बोला, जिभेनं नको."

भरती बघून आम्ही निघालो. निरोप आधीच गेला होता, की शाळेचा फोटो काढायला आसिया येते आहे. आम्हाला वाटले, शाळेचे दार उघडून ठेवतील, फार तर वाट झाडून ठेवतील.

होडी वळणावरून आत शिरली आणि कातळावरची शाळा दिसली. आसियाबी उभ्या राहिल्या. मीही उभा राहिलो. नाखवा ओरडला, "बसा, बसा, होडी कलते!"

शाळेवर छप्पर होते. निदान लांबून तसे दिसत होते. माडाच्या झावळ्यांचे नवे विणलेले झाप एकावर एक बांधून उडालेला भाग झाकला होता. पडलेल्या कोपऱ्यावर एका गलबताचे धुतलेले शीड ताणून लावले होते. पुढच्या भिंतीला चुना. दाराला केळीचे खांब आणि आंब्याचे टहाळे. कातळावर वाडीतल्या बायकांनी रांगोळी घातली होती, आणि मोहल्ल्यातून आणलेल्या रंगीत कागदाच्या पताका या टोकापासून त्या टोकापर्यंत फडफडत होत्या. दारासमोर लग्नातली सतरंजी आणि तिच्यावर दोन खुर्च्या.

धक्क्यावर सगळा गाव. पुढे आसियाबींची मावशी, मैमुनाखाला. उंच, हाडापेराने मजबूत बाई. नवरा बोटीवर वारल्यापासून मोहल्ल्याचा कारभार तिच्याच शब्दाने चाले. तिच्या शेजारी वाडीचा म्होरक्या, गावकर महिपत, डोक्याला ताजा फेटा.

"आलीस गो बाय?" मैमुनाखाला म्हणाली. "बघ, कशी केली शाळा!"

"खाला, हे काय केलंत?"

"काय म्हणजे? तुझा कॅमेरा यायचा, रत्नागिरीचे साहेब बघायचे, आणि आमची शाळा उघडी-वागडी? गावाला लाज नाय?"

महिपत पुढे झाला. "आमी दोन दिस खपलो, बाय. ह्यो चुना माझ्या घरचा. लेकाच्या लग्नाला ठेवलेला."

"आणि शीड?"

"ता आमचा," मागून कोणीतरी म्हणाले. "आज मासेमारी बंद."

आसियाबींनी माझ्याकडे पाहिले.  समितीला नुकसान बघायचे होते, आणि गावाने पडझडीचा एकही चिरा दिसू दिला नव्हता. या लोकांनी अर्जात शाळा पडली म्हणून लिहिले होते. पण पडकी शाळा परक्यांच्या डोळ्यांना दाखवायची, हे त्यांच्या स्वभावातच बसत नव्हते. घरात भात नसला तरी पाहुण्याला पान मांडणारी माणसे ती.

आसियाबींनाही ते पटकन मोडवेना. सगळ्यांची मेहनत त्यांच्यासाठी होती, आणि समोरचा माणूस नीट दिसावा हा तर त्यांचा स्वतःचाच कायदा. त्या कामाला लागल्या. मी तिपाई उभी केली, त्यांनी कॅमेरा बसवला, काळे कापड टाकले, आत डोके घालून भिंग पुढे-मागे केले. मग बाहेर येऊन म्हणाल्या, "खाला, तू बघ."

"मी? नाय गो. मी कधी फोटो काढला नाय, काढणार नाय."

"तुझा कोण काढतंय? तुला बघायचंय. डोकं आत घाल."

मैमुनाखालाने बिस्मिल्ला म्हटले आणि कापडात डोके घातले. त्या कॅमेऱ्याच्या मागे एक दुधी काच असते. तिच्यावर समोरचे चित्र रंगांसकट, पण उलटे पडते. आतून आवाज आला, "या अल्ला! शाळा पालथी पडली!"

गाव हसला. एक-दोघे खरोखर शाळेकडे बघू लागले.

"उलटंच दिसतं त्यात. नीट बघून सांग, काय दिसतंय?"

बराच वेळ कापड हलले नाही. "पताका दिसतात... केळी... सतरंजी..."

"आणि शाळा?"

 मग मैमुनाखाला बाहेर आली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "लग्नाचा मांडव दिसतो. नवरा तेवढा कुठं दिसला नाय."

या वेळी कोणी फारसे हसले नाही. आसियाबी म्हणाल्या, "साहेब लोकांना हेच दिसेल. म्हणतील, गावात लग्न हाय, छप्पर शाबूत हाय, मग दुरुस्ती कसली मागता? खाला, आजारी माणसाला शालू नेसवून डाक्टरकडे नेतात का?"

"आणि डाक्टर बोलला, ह्यो मेलाच हाय, उचला ह्याला, तर?" महिपतने विचारले.

 पडझड लपवली तर दुरुस्ती नाही. पडझड दाखवली तर समिती म्हणणार, पाडाच. दोन्हीकडून चिरे जाणार होते. आसियाबी भिंतीजवळ गेल्या. शीड वर उचलून आतला चिरा हाताने चाचपला, त्याच्या सांध्यात बोट घालून पाहिले. मग भिंतीच्या माथ्याकडे पाहत उभ्या राहिल्या.

"महिपतदादा, ह्या भिंतीवर चढशील?"

"चढायला काय? पोरगा असताना रोज चढायचो. मास्तरांचा मार खायचो."

"एकटा नाय. वाडीतले आणि मोहल्ल्यातले, असतील तेवढे पुरुष. चारी भिंतींवर बसायचं. फेटे-टोप्या घालून, लग्नाला बसतात तसं. छप्पर नाय हे साहेबांना दिसू दे. आणि एवढी माणसं अंगावर घेऊन भिंत उभी हाय, हे पण दिसू दे. मेलेला माणूस कोणाला खांद्यावर घेतो का?"

महिपतने भिंतीकडे पाहिले, मग गावाकडे. "बाबल्या," तो एका जाड्या माणसाला म्हणाला, "तू पुढच्या भिंतीवर मधोमध बस. तुला घेतला तर ती हत्तीला पण घेईल."

"माझी थट्टा फोटोत पण करणार काय रे?" बाबल्या म्हणाला, पण कासोटा खोचून तो सगळ्यांच्या आधी निघाला.

मैमुनाखाला मात्र हलली नाही. "आणि आमची मेहनत? सगळी काढायची?"

"सगळी, खाला."

तिने क्षणभर ओठ आवळले. मग स्वतः पुढे होऊन पहिली पताका तोडली आणि गुंडाळून कमरेला खोचली.  झाप उतरले, शीड खाली आले, केळी निघाल्या. चुना तेवढा राहिला. बाबल्या म्हणाला, "धुवायचा म्हणालात तर मी भिंतीवर बसायचा नाय," म्हणून तो तसाच ठेवला. महिपतने दारात नारळ फोडून जागेच्या राखणदाराला सांगितले, की आम्ही आत येतो आहोत, रागावू नको. मग आम्ही आत गेलो.

मी मनात एक पडकी इमारत धरून गेलो होतो. आत गेल्यावर ती शाळा होती. मोठ्या वर्गात कौलांचा ढिगारा आणि त्यातून उगवलेले गवत होते. एका कोपऱ्यात शेळ्यांच्या लेंड्या. खिडकीच्या चौकटीत गांधीलमाशांचे पोळे. वाळवीने मास्तरांच्या टेबलाचे फक्त दोन पाय शिल्लक ठेवले होते. पण फळ्यासाठी भिंतीत केलेला काळा चौकोन जसाच्या तसा होता आणि त्याच्यावर कोणीतरी टोकदार दगडाने बोटीची चित्रे काढली होती. मी भिंतीचा कोपरा खालपासून वरपर्यंत पाहिला. एकही चिरा सुटलेला नव्हता. आसियाबी खिडकीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "इथं बसायचे मी. भूगोल चालू असला की बोटी बघायचे. मास्तर म्हणायचे, तुझा भूगोल बाहेर हाय." एवढेच बोलून त्यांनी मला तिपाई फळ्यासमोर ठेवायला सांगितली.

अडचण मागच्या खोलीत आली. तिचे छप्पर शाबूत होते, तुळया चांगल्या होत्या. ते दाखवणे फार गरजेचे होते, पण आत काही दिसत नव्हते. आसियाबींनी बायकांना हाक मारली आणि घरातल्या असतील तेवढ्या पांढऱ्या चादरी आणायला सांगितल्या. खोलीच्या दारासमोरच्या मोठ्या वर्गात आता ऊन पडत होते. तिथे बायकांना ओळीने उभे करून, चादरी ताणून, त्यांवरचे ऊन खोलीत फेकायचे असे त्यांनी ठरवले. मोहल्ल्यातल्या बायका थोड्या बिचकल्या.

"फोटोत तुमच्यातली कोणी यायची नाय," आसियाबी म्हणाल्या. "माझा शब्द हाय. चादर तेवढी धरा."

पुरुषांना त्यांनी बाहेर घालवले. मी समितीचा साक्षीदार, म्हणून मला कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून उभे केले. तुळयांकडे बघायची मात्र परवानगी होती. दारात मैमुनाखाला, तिच्या मागे वाडीतली चिमा आणि बाकीच्या. चादरी ताणल्या गेल्या आणि त्या काळ्या खोलीत हळूहळू उजेड आला. आधी तुळई दिसली, मग कौलांखालच्या रिपा, मग कोनाडा. वटवाघळे फडफडत बाहेर गेली.

आसियाबींनी झाकण काढले आणि मोठ्याने सुरू केले, "एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न..."

मध्येच चिमाला हसू आले.

"चिमे, हसू नको. उजेड हलतो."

"खाला पण म्हणतेय पाढा!" चिमा म्हणाली.

मैमुनाखाला खरोखर मागोमाग पुटपुटत होती. तिला पाढा येत नव्हता, ती नुसता ठेका धरत होती. पण चादर हलली नाही.

शेवटी बाहेरचा फोटो. चारी भिंतींवर पुरुष बसले होते, पाय खाली सोडून. फेटे, टोप्या, गांधी टोप्या, एकाची बोटीवरची निळी कॅप. पुढच्या भिंतीवर मधोमध बाबल्या. खालच्या प्रत्येक खिडकीत मुली. दोन्हीकडच्या, धुतलेल्या झग्यांत आणि परकरांत, तेल लावून वेण्या घातलेल्या. आयांनी त्यांना खिडक्यांत उभे केले आणि स्वतः कॅमेऱ्याच्या मागे येऊन थांबल्या.

"हलू नका," आसियाबींनी बजावले. "जो हलेल त्याचं भूत दिसेल."

"चार वर्षं भूतच बसलंय हितं," वरून महिपत ओरडला. "आज आमी बसलो."

परत आल्यावर दोन दिवसांनी मी स्टुडिओत गेलो. प्रिंट दोरीवर वाळत होते. बाहेरचा फोटो पाहून मी उभ्या उभ्याच बसलो, म्हणजे बाक कुठे आहे ते न बघता. खाली मोकळे कातळ, मध्ये उघडी शाळा, आणि तिच्या अंगाखांद्यावर सगळा गाव. माणसे गरीब दिसत नव्हती. मागणारी तर मुळीच दिसत नव्हती.

पण आसियाबींचे तोंड उतरले होते. त्यांनी मागच्या खोलीचा प्रिंट माझ्यापुढे धरला. तुळया, रिपा, कोनाडा, सगळे स्वच्छ. डाव्या कडेला मात्र मागच्या चादरीचे टोक, पुढच्या चादरीचा काठ आणि तो धरलेला एक हात, मनगटापासून, चांदीच्या बांगड्यांसकट.

"मैमुनाखाला," त्या म्हणाल्या. "मी शब्द दिला होता."

"कापून टाका तेवढी कड."

"कापली तर तुळईचं टोक जातं. भिंतीत बसलेलं टोक. तेच तर दाखवायचंय तुमच्या समितीतल्या बांधकामवाल्या ओव्हरसियरला."

"हातच आहे नुसता. कोण ओळखणार?"

"ती ओळखेल. मी ओळखेन." त्यांनी प्रिंट उलटा करून ठेवला. "तिला विचारल्याशिवाय देणार नाय."

बैठक परवावर आली होती. मी म्हणालो की हा फोटो नसेल तर मागची खोलीही पडली असे धरले जाईल. त्या म्हणाल्या, धरू देत. अयूबभाई बाकावरून म्हणाले, "भाऊ, बायका हिच्यासमोर तोंड उघडतात ते ह्या एका गोष्टीवर. ती गेली तर दुकान कशाचं?"

खैरकोंडच्या होडीवाल्याबरोबर निरोप गेला. मला वाटले होते, हो किंवा नाही असे उत्तर येईल. बैठकीच्या दिवशी सकाळी मी कचेरीत निघालो तर स्टुडिओच्या दारात मैमुनाखाला स्वतः उभी. पहाटेच्या ओहोटीबरोबर आली होती. आसियाबींनी फोटो तिच्या हातात दिला. तिने तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"हा माझा हात?"

"हो खाला. चुकले मी. तू नाय म्हटलंस तर फाडते."

"चादर किती ताठ धरली हाय, बघितलंस?" मैमुनाखाला म्हणाली. "चिमाची बाजू लोंबतेय." मग फोटो माझ्याकडे देत म्हणाली, "न्या. कोणी विचारलं हात कोणाचा, तर सांगा. नाव घालून सांगा. माझ्या तीन नाती त्या खिडकीत हाएत."

बैठकीत फोटो टेबलावर फिरले. बाहेरचा फोटो पाहून ओव्हरसियर आधी हसले, मग चष्मा लावून भिंतींचे कोपरे बघत बसले. "छप्पर पूर्ण नवं लागेल," ते म्हणाले. "भिंतींना मात्र हात लावायची गरज नाही. ह्या मधल्या माणसाला धरलंय म्हणजे काय!" मागच्या खोलीच्या फोटोवर ते बोट ठेवून म्हणाले, "तुळई अशी भिंतीत बसलेली असेल तर ही खोली उद्यासुद्धा वापरता येईल."

एका सदस्यांनी विचारले, "मुलं तर पलीकडे जातात ना? मग इथं कोण शिकणार?"

मी खिडक्यांकडे बोट दाखवले. "ह्या जात नाहीत."

त्यांनी फोटो जवळ घेतला आणि एकेक खिडकी पाहिली. मग दुसरा फोटो उचलून म्हणाले, "आणि हा हात?"

"मैमुनाबी खैरकोंडकर," मी म्हणालो. "खोलीत उजेड नव्हता. ह्या बाईंनी आणि गावातल्या बाकीच्या बायकांनी चादरी धरून आणला. ह्यांच्या तीन नाती त्या आधीच्या फोटोतल्या खिडकीत आहेत."

 अध्यक्षांनी चिरे उतरवण्याची सूचना बाजूला ठेवली आणि दुरुस्ती मंजूर केली, शिवाय एक शिक्षिका नेमावी अशी शिफारसही. फोटो कोणी काढले असे त्यांनी विचारले, आणि मी आसियाबींचे पूर्ण नाव, वडिलांच्या आणि सासरच्या आडनावासकट सांगितले. इतके सविस्तर उत्तर त्यांना नको होते. मला द्यायचे होते.

कचेरी सुटायची वाट न बघता मी बंदर रस्त्याला आलो. आसियाबी आत एका नव्या नवरीचा फोटो काढत होत्या. त्यांनी मला हाताने थांब म्हणून खूण केली आणि बेचा पाढा पुरा केला. झाकण लावले, नवरीला जायला सांगितले, आणि मगच माझ्याकडे पाहिले.

"झाली," मी म्हणालो. "छप्पर, शिक्षिका, दोन्ही."

त्या खुर्चीवर बसल्या. अयूबभाईंनी बाकावरून हात पुढे केला, त्यांनी तो धरला. मैमुनाखाला स्टुडिओच्या मागच्या खोलीत नमाजाला बसली होती. नमाजाचा शेवटचा सलाम होईपर्यंत आम्ही तिघे थांबलो. मग आसियाबींनी तिला सांगितले. म्हातारी उठली, जानमाज झटकून घडी केली आणि म्हणाली, "मग बसलीस काय? भरती लागलीय."

त्या दिवशी होडेकरांचा स्टुडिओ दुपारी बंद झाला. मी धक्क्यापर्यंत गेलो. होडी सुटली तेव्हा मावशी-भाची दोघी उभ्याच होत्या आणि नाखवा नेहमीप्रमाणे ओरडत होता. खाडीच्या तोंडाशी वाळूने भरलेला एक पडाव वल्ही मारत समोरून येत होता. तो जवळ यायच्या आतच मैमुनाखालाने दोन्ही हात तोंडाशी धरून हाक दिली, आणि ती मला काठावर स्पष्ट ऐकू आली.

"शाळा आपलीच राहिली रे! पुढं सांगत जावा!"

पडावावरच्या माणसांनी वल्ही थांबवून हात वर केले.